पाण्यातले खत आणि पाण्यातले पीक

जबलपूर शहर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, विंध्य आणि सातपुडा यांच्या दरम्यान, नर्मदेच्या खोऱ्यात वसलेले आहे. सागरी शेतीच्या एखाद्या प्रश्नाचा विचार करण्यास हे ठिकाण प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या प्रश्नाचा ऊहापोह येथे करावयाचा आहे, तो खाऱ्या व गोड्या पाण्याचा भेद जाणत नाही. दूषित पाण्यात एखादी वनस्पती जोमाने वाढली, तर ते पाणी स्वच्छ होते की अधिकच बिघडते, हा तो प्रश्न होय. समुद्रशैवलांची शेती केल्यास किनाऱ्यावरचे दूषित पाणी आपोआप शुद्ध होईल, अशी आशा अलीकडे जगभर व्यक्त केली जात आहे. तिच्यात तथ्य किती आणि भाबडेपणा किती, हे पारखण्यासाठी लागणारा पुरावा जबलपूरच्या तळ्यांत फार दिवसांपासून साचून राहिलेला आहे.

जबलपूर हे तळ्यांचे शहर. गोंड राजवटीत येथे बावन्न तळी होती असे लोक सांगतात. त्यांपैकी राणीतालाचे नाव राणी दुर्गावतीशी, चेरीतालाचे तिच्या दासीशी आणि आधारतालाचे तिचा मंत्री आधारसिंह याच्याशी परंपरेने जोडले जाते. पावसाचे पाणी अडवून धरावे, विहिरींना ते पुरवावे आणि उन्हाळ्यात वस्तीला आधार द्यावा, हे या तळ्यांचे मूळ काम. पुढे शहर वाढले. कित्येक तळी बुजून त्यांवर घरे उभी राहिली आणि तळ्याचे नाव तेवढे मोहल्ल्याला राहिले. जी उरली, त्यांत आसपासच्या वस्तीचे सांडपाणी उतरू लागले. अशा एखाद्या तळ्यापाशी पावसाळ्यानंतर गेल्यास पाणी दिसतच नाही. काठापासून काठापर्यंत पसरलेले हिरवेगार कुरण दिसते, त्यावर फिकट जांभळ्या फुलांचे तुरे डोलत असतात, आणि परक्या माणसाला ते दृश्य रम्यही वाटते. ही जलपर्णी होय. तिकडे तिला जलकुंभी म्हणतात. महाराष्ट्रातील वाचकांना तिची ओळख करून देण्याचे कारण नाही. पंचगंगा, इंद्रायणी, पवना या नद्यांच्या काठी राहणाऱ्यांनी ती डोळ्यांनी पाहिलेली आहे.

‘दूषित’ हा शब्द उच्चारला की विष किंवा रोगजंतू डोळ्यांपुढे येतात. येथे अभिप्रेत असलेले दूषण मात्र अगदी उलट प्रकारचे आहे. ते विष नसून अन्न आहे. शेतकरी ज्या नत्रासाठी आणि स्फुरदासाठी बाजारात पैसे मोजतो, तीच द्रव्ये सांडपाण्यातून, गोठ्यांच्या धोवणातून, साबणाच्या फेसातून आणि शेतांवरून वाहून आलेल्या पाण्यातून फुकट तळ्यात, नदीत व शेवटी समुद्रात जाऊन पडतात. पाण्याला मिळणाऱ्या या अतिरिक्त खुराकाला शास्त्रज्ञ अतिपोषण म्हणतात.

या खुराकाचे प्रमाण केवढे असते, याचा अंदाज साध्या त्रैराशिकाने करता येतो. माणूस रोज सुमारे ६० ग्रॅम प्रथिने खातो असे धरावे. प्रथिनांत नत्राचे प्रमाण शेकडा १६ असते. म्हणजे दिवसाला साडेनऊ ग्रॅमांच्या आसपास नत्र त्याच्या पोटात जाते. प्रौढ माणसाच्या शरीरात ते साठून राहत नाही. जेवढे आत जाते जवळजवळ तेवढेच मलमूत्रावाटे बाहेर पडते. वर्षाकाठी हा आकडा साडेतीन किलोंवर जातो. २०११ च्या जनगणनेत जबलपूर महापालिकेच्या हद्दीतील लोकसंख्या साडेदहा लाखांच्या वर भरली होती. तेव्हा एवढ्या वस्तीतून वर्षाला सुमारे ३,७०० टन नत्र बाहेर पडते असे म्हणावयास हरकत नाही. ते सगळेच पाण्यात जाते असे नव्हे. काही जमिनीत मुरते, काही सूक्ष्मजंतूंच्या क्रियेने वायुरूप होऊन हवेत परत जाते. सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे असली तरी साध्या पद्धतीच्या केंद्रांचा मुख्य रोख पाण्यातील कुजणारी घाण नाहीशी करण्यावर असतो. नत्र आणि स्फुरद काढून घेण्यासाठी वेगळ्या प्रक्रिया लागतात, आणि त्या खर्चाच्या असतात. त्यामुळे केंद्रातून बाहेर पडलेले पाणी दिसावयास नितळ असले, तरी वनस्पतींच्या दृष्टीने ते खतपाणीच असते.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील. फुलांच्या शोभेमुळे ती देशोदेशी नेण्यात आली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये पोचली. तिची वाढ बियांपेक्षा धुमाऱ्यांनी अधिक होते. एका रोपाच्या बुडातून आडवा धुमारा फुटतो, त्याच्या टोकाला नवे रोप येते आणि तेही तसेच करते. ऊब आणि खुराक भरपूर असल्यास दोनएक आठवड्यांत तिचे क्षेत्र दुप्पट होते. बियाही तळाच्या गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहतात. दाट पसरलेल्या जलपर्णीखाली सूर्यप्रकाश पोचत नाही. म्हणून पाण्यातील सूक्ष्म वनस्पतींकडून होणारी प्राणवायूची निर्मिती थांबते. वाऱ्याने पृष्ठभाग ढवळला जाऊन हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळतो, तेही थांबते. पानांची झड खाली सडत राहते आणि उरलासुरला प्राणवायू खाऊन टाकते. मग मासे मरतात, डासांना आसरा मिळतो आणि तळे हळूहळू गाळाने भरत जाते.

पण याच्या जोडीला दुसरी एक गोष्ट घडत असते, आणि ती नाकारता येणार नाही. ही वनस्पती आपल्या दाट केसाळ मुळांनी पाण्यातील नत्र व स्फुरद शोषून घेते, इतकेच नव्हे तर शिसे, कॅडमियम यांसारखे धातूही ओढून घेते. या गुणाचा उपयोग करून सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयोग अनेक देशांत झाले. म्हणजे जिला तळ्याची वैरीण म्हणावे तीच तळ्याची सफाईदारीणही आहे. हे दोन्ही खरे कसे असू शकते?

त्याचे उत्तर जबलपुरातच आधारतालाच्या परिसरात मिळते. तेथे १९८९ साली तणविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची ही संस्था आज खरपतवार अनुसंधान निदेशालय या नावाने ओळखली जाते. ‘खरपतवार’ म्हणजे आपले तण. शेतातील तणांबरोबरच पाण्यातील तणांचाही अभ्यास येथे होतो, आणि जलपर्णीचा विषय त्यात ओघानेच आला. जलपर्णीवर तिच्या मायदेशात उपजीविका करणारे दोन जातींचे सोंडकिडे आहेत. १९८२ च्या सुमारास ते अमेरिकेतील फ्लॉरिडाहून भारतात आणण्यात आले. ते आपल्या पिकांवर जात नाहीत ना, याची बंगळूर येथे कसोशीने परीक्षा झाली आणि मगच ते तळ्यांत सोडण्यात आले. मोठे किडे पाने कुरतडतात व अळ्या देठात शिरून ते पोखरतात. जबलपूरच्या संस्थेने हे किडे शहराच्या परिसरातील तळ्यांत सोडून त्यांच्या कार्याचे निरीक्षण केले. हे काम सावकाश चालते, त्याला वर्षे लागतात. पण त्यात रसायन लागत नाही आणि किडे स्वतःच आपली संख्या वाढवतात, हा त्याचा मोठा गुण.

तथापि येथे एक बारकावा आहे. पोखरलेली जलपर्णी पाणी शिरून जड होते आणि तळाशी बुडते. डोळ्यांना तळे मोकळे दिसते. परंतु रोपाने आयुष्यभर गोळा केलेले नत्र आणि स्फुरद त्याच्याबरोबर तळाशी गेलेले असते. ते कुजले की ही द्रव्ये पुन्हा पाण्यात येतात, आणि सांडपाण्याचा ओघ चालूच असल्यास पुढच्या रोपांसाठी ताट पुन्हा वाढलेले असते. तणनाशक फवारून जलपर्णी मारली तरी हेच होते, फक्त अधिक वेगाने; एकदम मेलेल्या रोपांच्या राशी सडल्याने प्राणवायूचा दुष्काळही एकदम पडतो. हा सोंडकिड्यांचा दोष नव्हे. तण आटोक्यात आणणे हे त्यांचे काम आणि ते त्यांनी केले. खत बाहेर काढणे हे कोणा किड्याचे काम नाही. वनस्पतीने शोषलेले द्रव्य पाण्यातून खरोखर कमी होते ते वनस्पती पाण्याबाहेर काढून दूर नेली जाते तेव्हाच. तोवर ते द्रव्य एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले इतकेच.

समुद्रशैवलांच्या शेतीची बाजू बळकट आहे ती नेमकी याच ठिकाणी. येथे काढणी हाच व्यवसायाचा हेतू असतो. शैवलांना जमिनीवरील वनस्पतींसारखी अन्न शोषणारी मुळे नसतात. खडकाला धरून राहण्यापुरती पकड असते आणि अन्न ती सर्वांगाने पाण्यातून घेतात. त्यांना माती नको, खत नको, गोडे पाणी नको. तमिळनाडूतील रामनाथपुरम् जिल्ह्यात, मंडपम् परिसरात मच्छीमार कुटुंबांतील स्त्रिया या शेतीचे बरेचसे काम करतात. तीन मीटर लांब व तीन मीटर रुंद असा बांबूचा तराफा करावयाचा, त्यावर ताणलेल्या दोऱ्यांना कप्पाफायकस या तांबूस-हिरव्या शैवलाचे तुकडे बांधावयाचे आणि तो उथळ समुद्रात नांगरून ठेवावयाचा. सुमारे ४५ दिवसांत पन्नास-साठ किलो बियाण्याचे दोनशे किलोंहून अधिक पीक होते. वाळवलेल्या पिकापासून कॅरागीनन हे घट्टपणा आणणारे द्रव्य काढतात व ते आइस्क्रीमपासून दंतमंजनापर्यंत अनेक वस्तूंत वापरले जाते. १९५४ साली भावनगर येथे सुरू झालेल्या केंद्रीय लवण व समुद्री रसायन अनुसंधान संस्थेने ही शेती आपल्या देशात रुजवली.

दर ४५ दिवसांनी पीक पाण्याबाहेर निघते, म्हणजे त्याने शोषलेले नत्रही बाहेर निघते. मग जेथे जेथे समुद्र सांडपाण्याने अतिपोषित झाला आहे तेथे तेथे तराफे सोडावेत, म्हणजे लोकांना रोजगार आणि समुद्राला स्वच्छता, असा युक्तिवाद पुढे येतो. तो ऐकावयास निर्दोष वाटतो. अडचण आहे ती ठिकाणाची.

जबलपूरच्या परिसरातून वाहणारे पाणी शेवटी नर्मदेतून खाली जाते. अमरकंटकपासून १,३१२ किलोमीटरांचा प्रवास करून ही नदी भडोचच्या खाली खंभातच्या आखाताला मिळते. वाटेत धरणे आहेत. गाळाला चिकटलेले स्फुरद त्यांच्या जलाशयांत बसते, काही नत्र सूक्ष्मजंतू हवेत परत पाठवतात, काही जलाशयांतील शैवले खातात. पण उरलेला भाग, आणि खोऱ्यातील शेते व गावे यांनी त्यात घातलेली भर, समुद्रापर्यंत जाते. म्हणजे खुराक खंभातच्या आखातात पोचतो. मात्र ते आखात शैवलशेतीला मुळीच मानवणारे नाही. भावनगरपाशी भरती-ओहोटीतील अंतर १० मीटरांच्याही वर जाते. एवढ्या प्रचंड ओढीने तळाचा गाळ अहोरात्र ढवळला जातो आणि पाणी चहाच्या रंगाचे राहते. अशा पाण्यात प्रकाश काही वितींच्या खाली जात नाही. पृष्ठभागाशी तरंगत ठेवलेल्या शैवलावर गाळाचे पूट चढते आणि तराफे प्रवाहापुढे टिकत नाहीत. शैवलसंशोधनाचे माहेरघर असलेली संस्था याच आखाताच्या काठी भावनगरला आहे, पण शैवलांच्या लागवडीसाठी तिला ओखा, दीव यांसारख्या नितळ किनाऱ्यांकडे आणि दूर मंडपम्‌कडे जावे लागले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

उलट मंडपम्‌लगतचे मन्नारचे आखात स्वच्छ, प्रकाशमान आणि प्रवाळांनी समृद्ध. तेथे अतिरिक्त नत्राचा प्रश्न तितका तीव्र नाही. म्हणजे जेथे खत आहे तेथे उजेड नाही आणि जेथे उजेड आहे तेथे खत नाही. मोठ्या शहरांच्या सांडपाण्याने भरलेल्या खाड्यांतही साधारण हीच स्थिती असते. पाणी गढूळ, सूक्ष्म तरंगत्या शैवलांनी हिरवट झालेले. हे सूक्ष्म जीव काही तासांत वा दिवसांत दुप्पट होतात आणि खुराकाच्या शर्यतीत तराफ्यावरच्या पिकाला मागे टाकतात. शिवाय पिकाच्याच अंगावर दुसरी केसाळ शैवले चढून बसतात. शेतकऱ्याच्या शेतात तण माजावे तसेच हे.

जेथे ठिकाण जमून आले तेथे काय साधते, हे चीनच्या उदाहरणावरून दिसते. जगातील शैवलशेतीचा निम्म्याहून अधिक वाटा त्या देशाचा आहे, आणि ती शेती अतिपोषित किनाऱ्यावरच चालते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार चीनची शैवलशेती दरवर्षी समुद्रातून सुमारे ७५,००० टन नत्र व ९,५०० टन स्फुरद बाहेर काढते. हे आकडे लहान नाहीत. त्याच अभ्यासकांनी पुढे हिशोब केला की, समुद्रात येऊन पडणारे सगळे स्फुरद काढावयाचे तर आहे त्याच्या दीडपट क्षेत्र पुरेल. नत्र काढावयाचे तर मात्र सतरापट क्षेत्र लागेल. स्फुरद आवाक्यात, नत्र आवाक्याबाहेर. शैवलशेतीच्या पुरस्कर्त्यांनी पहिला आकडा सांगताना दुसराही सांगावयास हवा. पण तो सहसा मागे राहतो.

त्याच देशाने या शेतीची दुसरी बाजूही जगाला दाखवली. २००८ च्या उन्हाळ्यात बीजिंग ऑलिंपिकमधील शिडाच्या नौकांच्या शर्यती चिंगताव बंदरात व्हावयाच्या होत्या. शर्यती तोंडावर आल्या असता पीत समुद्रातून हिरव्या शैवलाचे प्रचंड थर किनाऱ्याकडे वाहत आले आणि शर्यतीचे पाणी कुरणासारखे दिसू लागले. सैनिक आणि नागरिक यांना कामाला लावून १० लाख टनांहून अधिक शैवल उपसावे लागले. ते आले कोठून? शास्त्रज्ञांनी उपग्रहचित्रांच्या साहाय्याने माग काढला, तो दक्षिणेकडील ज्यांग्सू प्रांताच्या उथळ किनाऱ्यापर्यंत पोचला. तेथे नोरी या खाद्य शैवलाची शेती होते. जपानी पद्धतीचा भात ज्या काळसर पापुद्र्यात गुंडाळतात तो या शैवलाचा. नोरीच्या बांबूंवर आणि दोरांवर अल्व्हा नावाचे हिरवे शैवल तणाप्रमाणे उगवते. हंगाम संपला की वसंत ऋतूत शेतकरी बांबू व दोर खरवडून साफ करीत आणि ते तण तेथेच टाकून देत. भरतीच्या पाण्याने ते तरंगू लागे, वारा आणि प्रवाह त्याला उत्तरेकडे नेत, आणि वाटेवरच्या अतिपोषित पाण्यात त्याची वाढ बेसुमार होई. तेव्हापासून ही हिरवी लाट जवळजवळ दरवर्षी येत आली आहे. नोरी काढून नेली गेली, ती पाण्याबाहेर गेली. तण मात्र पाण्यातच राहिले. आधारतालाजवळच्या संस्थेत तणांचा जो अभ्यास चालतो त्याच्याशी याचे नाते किती जवळचे आहे, हे सांगावयास नकोच.

किनाऱ्यावर साचून सडणारे असे शैवल नुसते किळसवाणे नसते. प्राणवायूवाचून ते कुजू लागले की त्यातून सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात शेतांतून वाहून येणाऱ्या नत्रामुळे असेच हिरवे शैवल किनाऱ्यावर लोटते. २००९ साली तेथे अशा राशीत रुतलेला एक घोडा या वायूने मरण पावला आणि त्याचा स्वार बेशुद्ध झाला.

आपल्याकडील अनुभव वेगळ्या प्रकारचा आहे. कप्पाफायकस हे शैवल मूळचे भारतीय नाही. फिलिपाइन्समधील हे वाण १९८४ साली जपानमार्गे येथे आणले गेले. त्याची लागवड तुकड्यांनी होते आणि तुटलेला प्रत्येक तुकडा नवे रोप होऊ शकतो. २००८ साली मन्नारच्या आखातातील कुरुसडै बेटाजवळ हे शैवल जिवंत प्रवाळांवर चढून त्यांना झाकून टाकीत असल्याचे संशोधकांनी नोंदवले. प्रवाळांवर ते चढले की खालच्या जीवांना उजेड मिळत नाही. जलपर्णीखालच्या तळ्यासारखीच त्यांची अवस्था होते. ज्या गुणांमुळे ते चांगले पीक ठरले, जलद वाढ आणि तुकड्यातून उगवण्याची शक्ती, तेच गुण तेथे उपद्रवी ठरले. यावरून ही शेती बंद करावी असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. शेकडो कुटुंबांचा चरितार्थ तिच्यावर आहे आणि २०१३ साली समुद्राचे पाणी तापून पीक मेले तेव्हा त्या कुटुंबांवर काय प्रसंग आला हे त्या किनाऱ्याला माहीत आहे. परंतु तराफे प्रवाळांपासून किती दूर असावेत, वाहून गेलेले तुकडे गोळा कोणी करावेत, हे प्रश्न पिकाच्या टनांइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजेत.

आता आरंभीच्या त्रैराशिकाकडे परत यावे. ओल्या शैवलात दहात नऊ भाग पाणी असते असे धरू. एक टन ओल्या पिकातून १०० किलो कोरडा भाग निघेल. त्यात नत्राचे प्रमाण जाती व पाणी यांप्रमाणे बदलते. येथे शेकडा २ धरू. म्हणजे टनामागे नत्र २ किलो. जबलपूरच्या वस्तीतून वर्षाला बाहेर पडणारे ३,७०० टन नत्र सगळेच्या सगळे समुद्रात पोचले अशी कल्पना केली, तर ते परत काढण्यासाठी साडेअठरा लाख टन ओले शैवल दरवर्षी पिकवून उपसावे लागेल. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत साऱ्या देशासाठी ठेवलेले शैवल-उत्पादनाचे उद्दिष्ट ११ लाख २० हजार टन होते, आणि प्रत्यक्ष उत्पादन त्याच्या फार मागे राहिले. म्हणजे देशाचे संपूर्ण उद्दिष्ट पार पडले असते, तरी ते जबलपूरसारख्या एका शहराच्या नत्रालाही पुरे पडले नसते. मुंबईचे नावही येथे घेण्याची गरज नाही.

हा हिशोब शैवलशेतीच्या विरुद्ध नाही. एखाद्या उपखाडीत, मत्स्यपालनाच्या पिंजऱ्यांशेजारी, जेथे पाणी पुरेसे नितळ आणि खुराक मर्यादित आहे, तेथे ती खरोखर उपकारक ठरते. दिवसा ती पाण्यात प्राणवायू सोडते, लहान माशांना आसरा देते आणि माशांच्या विष्ठेतले नत्र पिकात बांधते. पण शहराच्या नाल्याच्या तोंडाशी पसरलेला तराफा हा सांडपाणी शुद्ध न करण्याची सबब होऊ शकत नाही. नत्र नाल्यातच, दाट असताना पकडणे सोपे; एकदा ते समुद्रभर पसरले की त्याला चिमटीने वेचावे लागते.

काढलेल्या पिकाचे पुढे काय होते, हाही प्रश्न उरतोच. पाणी जितके घाण, तितके शैवल अधिक सफाई करते. आणि तितकेच ते खाण्यास अयोग्य होते, कारण नत्राबरोबर ते आर्सेनिक, कॅडमियम यांसारखी द्रव्येही साठवते. सफाईसाठी वाढवलेले पीक आणि ताटात वाढावयाचे पीक एकच असू शकत नाही. कप्पाफायकस ताजे असताना त्याचा रस पिळून त्याचे द्रवखत करण्याची पद्धत भावनगरच्या संस्थेने विकसित केली आहे. पालाशाने समृद्ध असा हा रस पातळ करून शेतातील पिकांवर फवारतात. समुद्रात गेलेल्या द्रव्यांपैकी थोडी का होईना, या मार्गाने जमिनीवर परत येतात.

तळ्यातील जलपर्णीलाही हाच मार्ग खुला आहे, मात्र तो कष्टाचा आहे. तिच्यात शेकडा ९५ च्या आसपास पाणी असते. एक टन जलपर्णी वाहून नेणे म्हणजे साडेनऊशे किलो पाणीच वाहून नेणे, आणि म्हणूनच उपसणारे ती बहुधा काठावरच टाकून मोकळे होतात. पहिल्या पावसात त्या ढिगाचे धोवण उतारावरून पुन्हा तळ्यात येते आणि उपसण्याची सारी मेहनत पाण्यात जाते, शब्दशः. ढीग तळ्याकडे उतार नसलेल्या जागी नेऊन काही दिवस सुकू द्यावा, मग शेण व माती यांचे थर देऊन खड्ड्यात कुजवावा. खड्डा नीट तापला तर बिया मरतात. अर्धवट कुजलेले खत मात्र दुसऱ्या तळ्याकाठच्या शेतात जलपर्णीचे बियाणे पोचवू शकते. ज्या तळ्यात कारखान्याचे वा गॅरेजचे पाणी येते, तेथील खताची धातूंसाठी आधी तपासणी करून घ्यावी. असे धातू पानांपेक्षा मुळांत अधिक साठतात. शंका असेल तेथे ते खत रस्त्याकडेच्या झाडांना किंवा वनीकरणाच्या रोपांना घालावे. पालेभाज्यांच्या वाफ्यात घालू नये.